ओहोटीत उभी केलेली स्कूटर

भरती-ओहोटी हा धडा मी अठ्ठावीस वर्षे शिकवला आणि अठ्ठावीस वर्षांत समुद्राने एकदाही तक्रार केली नाही.

करणार तरी कशी? मी कटंगीच्या शाळेत भूगोल शिकवतो, राहायला बालाघाटला. आमच्या जिल्ह्यातून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लांबच आहे. त्यामुळे त्याच्याबद्दल मास्तराने काहीही सांगितलं तरी पडताळून पाहायला कोणी जात नाही. पुस्तकात दोन चित्रं आहेत. पहिल्यात पाणी वर, होडी तरंगते आहे. दुसऱ्यात पाणी खाली, होडी वाळूत कलंडली आहे. कोपऱ्यात चंद्र. ही चित्रं मी फळ्यावर इतक्यांदा काढली आहेत की डोळे मिटूनही काढीन. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, आपने समुद्र देखा है?" (आमचा जिल्हा हिंदी राज्यात, त्यामुळे घरी मराठी आणि शाळेत हिंदी.) मी म्हणायचो, "किताब में साफ़ दिया है।" आणि पान उलटायचो.

मायने मात्र हा विषय असा सोडला नाही.

माय म्हणजे माझी आई. तिचं आयुष्य कटंगीजवळच्या खेड्यात, धानाच्या चिखलात गेलं. पाणी बांधात कसं अडवायचं आणि कधी सोडायचं हे तिला माझ्यापेक्षा शंभर पटीने कळत होतं. एकदा मी शाळेसाठी पुठ्ठ्यावर ती दोन चित्रं रंगवत बसलो होतो. ती शेजारी तांदळातले खडे निवडत होती.

"थे पानी जाते कोठी?" तिने विचारलं.

"कोठी जात नाई, माय. सरकते. चंद्र ओढते त्याले."

"मंग आपल्या वैनगंगेले काहून नाई ओढत?"

मी वीस मिनिटं गुरुत्वाकर्षण समजावून सांगितलं. पृथ्वीसाठी तिच्या सुपातला कांदा घेतला, चंद्रासाठी लसूण. तिने सगळं शांतपणे ऐकलं, कांदा आणि लसूण परत जागेवर ठेवले आणि म्हणाली, "म्हणजे तुलेबी माहीत नाई."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पाहाच लागते एकदा."

समुद्र पाहायचा म्हणून तिने एकोणऐंशीव्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. त्याआधी पाच वर्षं आम्ही तिच्या विनवण्या करत होतो, पण घरातलं असं काय पाहायचं राहिलंय, असा तिचा सवाल असे. चष्म्याच्या दुकानात तिने फ्रेमकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या नाकाकडे बोट दाखवून म्हणाली, "असाच द्या. मास्तरासारखा." तशीच तपकिरी फ्रेम मिळाली. घरी आल्यावर तिने दांडीला लाल दोरा गुंडाळला. ही तिची जुनी सवय. तांब्या, छत्री, शेजाऱ्यांकडे फिरायला जाणाऱ्या कोंबड्या, जे जे आपलं त्याला लाल दोरा. नव्या चष्म्यातून तिने पहिल्यांदा मला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तू लय म्हातारा झाला रे, दिवाकर," ती म्हणाली.

त्या चष्म्यातून तिने सतरा दिवस जग पाहिलं. अठराव्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

अंदमानची तिकिटं आधीच काढली होती, डिसेंबरची. तीन. मी ती रद्द करायला बसलो. त्या काळात मला एवढंच जमत होतं, असलेली गोष्ट रद्द करणं. पुस्तक उघडायचो आणि त्याच पानावर मिटायचो.

रद्द करू दिलं नाही ते सुमनताईने. सुमनताई माझी थोरली बहीण. लालबर्‍याकडच्या गावांत तिने तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं, आणि तेही स्कूटरवर. नाल्याला पूर आला तर स्कूटर अलीकडे ठेवून ती पलीकडे जायची, बाळंतपण उरकायची आणि पाणी उतरलं की परत येऊन त्याच स्कूटरचा प्लग काढून, पदराने पुसून, एका किकमध्ये सुरू करायची. मला स्कूटर चालवता येत नाही. सायकल येते, रस्त्याला उतार नसेल तर.

"मी नाई येत," मी म्हणालो.

"काहून?"

"मायशिवाय काय पाहाचं तिथी?"

"माय येऊन राह्यली ना," ताई म्हणाली आणि मायच्या चष्म्याची डबी तिने माझ्यासमोर ठेवली. "नवाकोरा चष्मा आहे. सतरा दिवसांत तिनं त्याच्यातून काय पाह्यलं? मले, तुले अन् कढीपत्त्याचं झाड. तिले समुद्र दाखवू, डबी घेऊन वापस येऊ."

मी तिकिटं रद्द करणं रद्द केलं. कामाची वाटणी तिनेच केली. गाडी ती पाहणार, चष्मा मी सांभाळणार. "एकच वस्तू देऊन राह्यली तुह्याजवळ," ती म्हणाली, "थेवढी वापस आली पाह्यजे."

आम्ही गेलो त्या बेटाचं नाव शहीद द्वीप. तिथले लोक अजून नील म्हणतात. बेट एवढंसं, की सकाळी या टोकाला सूर्य उगवताना पाहावा आणि चहा पिऊन त्या टोकाला मावळताना पाहायला निघावं. बाजारात एक म्हातारे बंगाली दादा स्कूटर भाड्याने देत होते. त्यांनी रीतीप्रमाणे किल्ली माझ्या हातात दिली. मी ती रीतीप्रमाणे ताईच्या हातात दिली. दादांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं.

"बीच पर जाने से पहले पानी का टाइम देख लेना, सर," ते मला म्हणाले.

"मैं भूगोल का शिक्षक हूँ," मी म्हणालो.

"अच्छा," दादा आदराने म्हणाले. "फिर तो ठीक है।"

ताईने पदर खोचला. मी मागे बसलो आणि मफलर कानावरून घट्ट बांधला. (विषुववृत्तापासून इतक्या जवळ मफलर बांधणारा मी बहुधा पहिलाच माणूस असेन. पण स्कूटरवर बसलं की कान झाकायचे हा मायचा नियम होता, आणि नियम करणारी गेली म्हणून नियम मोडवत नव्हता.)

त्या सकाळचं मी काय सांगू. रस्ता सुपारीच्या बागांमधून जायचा, मग अचानक उघडा व्हायचा आणि दोन्ही बाजूंना कापलेलं धान. चक्क धान. मध्ये तणसाचे ढीग, त्यावर बसलेले बगळे, बांधावरून चालणाऱ्या बाया. वाटावं, हे तर कटंगीचं शिवार आहे. आणि त्या शेवटच्या बांधाच्या पलीकडे, जिथे आमच्याकडे रेल्वेचा रूळ असतो, तिथे समुद्र. निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर मोरपिशी. मला वाटलं होतं ताई समुद्र पाहून थांबेल. ती थांबली, पण धान पाहून.

"लोंबी पाह्य कशी भरली आहे," ती एका खळ्याजवळ गाडी लावून म्हणाली. "खाऱ्या पान्याच्या बाजूले असं धान. मानलं यायले."

"ताई, तिकडे समुद्र आहे."

"थो कोठी पळून राह्यला?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

ती प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत होती. समोर कोणी नसे. लालबर्‍याच्या रस्त्यावर तीस वर्षं ट्रॅक्टर आणि म्हशी चुकवल्यावर रिकाम्या रस्त्यावर तिचा विश्वास बसत नव्हता. खड्डा आला की ती न बघताच गाडी वळवायची, वाळूचा पट्टा आला की पाय न टेकता पार करायची. एकसष्ट वर्षांची बाई, मागे मफलर बांधलेला भाऊ, आणि बाजूने सगळा बंगालचा उपसागर धावतो आहे. मी पुष्कळ प्रवासवर्णनं वाचली आहेत. पण कोणाच्या पाठीमागे बसून जग पाहावं असं मला आयुष्यात दोनदाच वाटलं. लहानपणी मायच्या, आणि त्या दिवशी ताईच्या.

पहिल्या किनाऱ्यावर आम्ही चष्मा बाहेर काढला. ताईने तो दोन्ही हातांनी समुद्राकडे धरला, जसं नव्या बाळाला घराबाहेर आणून सगळ्यांना दाखवतात. "पाह्य माय," ती म्हणाली, "लय मोठा आहे." जवळ एक जोडपं फोटो काढत होतं, त्यांनी फोटो काढणं थांबवलं. मग ताईने चष्मा मला दिला. "तूबी लावून पाह्य. तिनं जे पाह्यलं असतं थे पाह्य."

मी माझा चष्मा काढला, मायचा लावला. त्यानंतर काय झालं ते नीट आठवत नाही, कारण डोळे भरून आले. ताईने माझ्याकडे न पाहता गाडी सुरू केली. (कोणी रडत असेल तर त्याच्याकडे पाहू नये, हे ती तीस वर्षांच्या नोकरीत शिकली होती.) मी घाईघाईने चष्मा डबीत घातला, डबी खटकन बंद केली आणि मागे जाऊन बसलो.

त्यानंतर समुद्र मला फारच वेगळा दिसू लागला. पुस्तकातल्या चित्रात क्षितिजावर पट्टीने मारल्यासारखी रेघ असते. इथे तशी काही नव्हती. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. सगळं एकात एक विरघळलेलं. मी खिशातली वही काढून लिहिलं, 'पाणी आणि आकाश यांच्यात सीमा नाही. सीमा माणसाने काढली.' खाली दोन रेघा मारल्या.

"थे पाह्य, जहाज," ताई म्हणाली.

"कोठी?"

"थे काय, समोर. केवढं मोठं आहे."

मला जहाज दिसलं नाही. पण मला वाटलं, या विराट दृश्यात जहाज शोधणं हीच मुळात क्षुद्र दृष्टी आहे. हेही मी वहीत लिहिलं.

साडेबाराच्या सुमारास आम्ही पश्चिमेच्या किनाऱ्यावर पोचलो, आणि तिथे समुद्रच नव्हता. म्हणजे होता, पण मागे गेला होता. त्याच्या जागी लांबवर ओली, घट्ट, सपाट वाळू, आणि पार पलीकडे काळे खडक. दुसरं चित्र. जसंच्या तसं. फक्त होडी नव्हती. मला पुस्तकाचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

ताईला मात्र तिथे वेगळंच काही दिसलं. "हे तं आपली वैनगंगा झाली," ती म्हणाली. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात गाड्या जातात, वाळूत टरबुजाच्या वाड्या लागतात, लोक डबे घेऊन जेवायला बसतात. एकदा गेलेलं पाणी पावसाळ्यापर्यंत परत येत नाही. नदीचा तसा शब्द असतो. "उन्हात पायी काहून जाचं? गाडीच नेऊ खडकापर्यंत."

"थांब," मी म्हणालो. "आधी हिशोब करतो."

मी घड्याळ पाहिलं. आत्ता ओहोटी. भरती आणि ओहोटी यांच्यात सव्वासहा तासांचं अंतर. म्हणजे पाणी येणार पावणेसातला. सूर्य मावळणार साडेपाचच्या आत. "पावणेसातपर्यंत हे आपलंच आहे," मी जाहीर केलं. ताईने अनुभवाने जे सांगितलं तेच मी शास्त्राने सिद्ध केलं. भावाबहिणीचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

खडकांच्या अलीकडे ताईने स्कूटर स्टँडवर लावली. पुढे शेवाळ होतं. मी घसरणार हे मला ठाऊक होतं, आणि मी घसरलो तर खिशातली डबी फुटणार हेही. म्हणून मी चष्म्याची डबी रुमालात गुंडाळून सीटखालच्या डिकीत ठेवली, सीट दाबून बंद केली आणि किल्ली पँटच्या खिशात घातली. त्या दिवशी मी विचार करून केलेली ही एकच गोष्ट.

खडकांत पाण्याची डबकी राहिली होती आणि त्यांत काय काय होतं. नखाएवढे निळे मासे. दगडाला चिकटलेली फुलं, जी बोट लावलं की मिटत. चांदणीसारखा एक प्राणी, पाच हातांचा, आरामात बसलेला. ताई उकिडवी बसून पाहत होती. "याले तोंड कोठी आहे?" ती प्रत्येकाबद्दल विचारत होती, कारण रुग्ण कोणताही असो, तिची तपासणी तोंडापासून सुरू होते. मी सांगत होतो. इतक्या वर्षांनी मला प्रात्यक्षिकाचा तास मिळाला होता. मी किनाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो (फळ्याकडे पाठ करायची सवय) आणि चंद्रापासून सुरुवात केली.

"मास्साब," ताई म्हणाली. ती चिडवायची असली की मला मास्साब म्हणते. "पानी पायाले लागून राह्यलं."

"लाट असंन. तर चंद्र जेव्हा..."

"घोट्यापर्यंत आलं."

"मोठी लाट असंन. अजून चार तास आहेत."

ताई उठून उभी राहिली. मग तिने हळूच विचारलं, "मले एक सांग. थे पानी पावणेसात वाजता येते मनते ना तू. थे रेल्वेसारखं एकदम येते का हळूहळू येते?"

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. पुस्तकात दोन चित्रं आहेत. त्यांच्या मधलं चित्र पुस्तकात नाही.

आम्ही दोघांनी एकदम वळून पाहिलं.

समुद्र आमच्या समोरून आलाच नव्हता. किनाऱ्याजवळची वाळू थोडी खोलगट होती, ती त्याने गुपचूप बाजूने भरून घेतली होती. आम्ही, खडक आणि स्कूटर एका बाजूला, बेट दुसऱ्या बाजूला. स्कूटर पाय ठेवायच्या फळीपर्यंत पाण्यात उभी होती, उन्हाळ्यात म्हैस डबऱ्यात उभी राहते तशी, समाधानाने.

"चष्मा," ताई म्हणाली.

ती गाडी म्हणाली नाही, बॅग म्हणाली नाही. साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरली. मला पोहता येत नाही, पण मीही उतरलो. स्कूटरपाशी पोचेपर्यंत पाणी मांडीला लागलं होतं.

"किल्ली दे."

किल्ली माझ्या हातात होती. हे वाक्य पुढच्या क्षणापर्यंतच खरं होतं. एक लाट आली, आणि किल्ली ज्या सहजतेने पाण्यात गेली तेवढ्या सहजतेने मी आयुष्यात काहीही केलेलं नाही. आम्ही वाकून चाचपलं. हाताला वाळू लागली, एक शंख लागला, माझाच अंगठा लागला.

"राहू दे," ताई म्हणाली. "डिकी उघडत नाई तं गाडीच काढू."

पण स्टँड वाळूत रुतलं होतं. ती पुढून ओढत होती, मी मागून ढकलत होतो आणि मध्ये समुद्र आपलं काम करत होता. पाणी सीटकडे चढू लागलं. त्या सीटखाली मायचा चष्मा. मायला समुद्र दाखवायला आणलं आणि आता समुद्रच तिला घेऊन चालला, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं.

तेवढ्यात किनाऱ्यावरून आवाज आला. "ओ दीदी! उधर गाड़ी कौन रखा?"

नारळाच्या झाडांखाली एक बाई बैल घेऊन उभी होती. कमरेला कोयता, डोक्यावर पदर.

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. "ये भूगोल के मास्टर हैं!" ती ओरडली.

बाईने मान हलवली. तिला तेवढं स्पष्टीकरण पुरलं. ती बैल घेऊन खाली आली. (तिला पुढे आम्ही मासी म्हणू लागलो, कारण तिथे सगळेच तिला मासी म्हणत.) बैल पाण्याच्या कडेशी आला आणि थांबला.

"ये आगे नहीं जाएगा," मासी म्हणाली. "इसको मालूम है पानी चढ़ रहा है।"

मी त्या बैलाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत माझ्या पदवीविषयी शंका होती.

मासीने दोर फेकला. तो हातभर कमी पडला. ताईने मागचापुढचा विचार न करता माझ्या कानांवरचा मफलर ओढून काढला, एक टोक दोराला बांधलं, दुसरं स्कूटरच्या पुढच्या दांड्याला. मासी बंगालीत बैलाला काहीतरी म्हणाली. बैल हलला नाही. मग ताईने कमरेवर हात ठेवून, खणखणीत आवाजात, आमच्या शिवारातली हाक घातली, "चाल रे राजा, चाल माह्या लेकरा, हर्रर्र!"

आणि तो बंगाली बैल चालू लागला. स्कूटर हलली, वाळूतून सुटली आणि निघाली. मी एका हाताने नाकावरचा चष्मा आणि दुसऱ्याने मागचा दांडा पकडून होतो, तो सोडायचं मला सुचलं नाही. त्यामुळे किनाऱ्यावर पुढे बैल, मग कटंगीच्या बाजारातला मफलर (तो आता दुप्पट लांब झाला होता), मग स्कूटर आणि शेवटी पालथा मी, अशा क्रमाने आम्ही पोचलो. वाटेत समुद्र बराच पोटात गेला. तो खारट असतो. त्या बाबतीत पुस्तक बरोबर आहे.

ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मासी, ये खोलना है," ती सीटवर हात मारत म्हणाली. मासीने कोयता फटीत घातला आणि जोर लावला. सीट उघडली, पण कोयता आत घसरला आणि कट्ट असा आवाज आला.

ताईने रुमाल सोडला. डबीला चीर गेली होती. तिने डबी उघडली. तपकिरी फ्रेम मधोमध तुटली होती आणि एका काचेचे तीन तुकडे झाले होते.

ताई वाळूत बसली आणि रडू लागली. ताईला रडताना मी माय गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. तेव्हा ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना पाणी देत होती. आता ती चष्म्याचे तुकडे ओंजळीत घेऊन लहान मुलीसारखी रडत होती, आणि मी, ज्याच्याकडे एकच वस्तू सांभाळायला दिली होती, ओल्या कपड्यांत समोर उभा होतो. मला तिला हात लावायचीही हिंमत झाली नाही.

मग तिचं रडणं थांबलं. तिने एक दांडी उचलून पाहिली. दुसरी पाहिली.

"दोरा कोठी गेला?"

"समुद्रानं नेला असंन," मी म्हणालो. त्या दिवशी समुद्रावर काहीही ढकलता येण्यासारखं होतं.

"मायची गाठ? मायची गाठ सुटत असते का कधी?" तिने वर पाहिलं. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, ऑपरेशननंतर माय पाहत होती तशी. "मास्साब, मान इकडे करा."

मी मान केली. तिने माझ्या कानामागे बोट घातलं. दिवसभर मफलरखाली झाकलेल्या दांडीवर लाल दोरा होता, ओला, पण जागच्या जागी.

पहिल्या किनाऱ्यावर, डोळे भरलेले असताना, डबीत मी माझा चष्मा ठेवला होता. मायचा नाकावरच राहिला होता.

ताईचे ओठ हलू लागले. मला वाटलं पुन्हा रडते, पण ती हसत होती. "म्हणून तुले जहाज दिसलं नाई," ती म्हणाली. "एवढं मोठं जहाज!" मला वहीतलं वाक्य आठवलं, दोन रेघा मारलेलं. सीमा माणसाने काढली नव्हती. सीमा होती. फक्त माझा नंबर नव्हता.

"माय कोठीच बुडाली नाई," ताई डोळे पुसत म्हणाली. "सकाळपासून तुह्या नाकावर बसून फिरून राह्यली. पाह्यलं मंग तिनं."

"हौ."

"सारंच पाह्यलं. गाडी बुडतानाबी. बैलबी."

"माँ किधर है?" मासीने विचारलं. ताईने माझ्या नाकाकडे बोट दाखवलं. मासीने नीट पाहिलं, पदर सारखा केला आणि त्या चष्म्याला नमस्कार केला.

हे सगळं पाहून माय काय म्हणाली असती, ते मला विचारायची गरज नव्हती. म्हणजे तुलेबी माहीत नाई.

बैलानेच स्कूटर बाजारापर्यंत ओढत नेली. दुकानाबाहेरच्या बाकावर बसलेले दादा उभे राहिले. त्यांनी बैल पाहिला, मफलर पाहिला, मला पाहिलं. रागावतील असं वाटलं, पण ते रागावले नाहीत. "पिछले साल एक इंजीनियर साहब थे," ते समजुतीने म्हणाले आणि गोड्या पाण्याचा पाइप आणि दुसरी किल्ली आणायला गेले. ताईने मेकॅनिकला बाजूला सारून स्वतः प्लग काढला, पदराने पुसला. संध्याकाळपर्यंत ती गाडी सुरू करून दादांच्या हवाली करूनच उठली. दादांनी तिला चहा दिला, आणि दुसऱ्या दिवसासाठी दुसरी स्कूटर. किल्ली या वेळी त्यांनी थेट तिच्या हातात दिली.

उरलेले दोन दिवस मी मायच्या चष्म्यातूनच बेट पाहिलं, कारण दुसरा नव्हताच. जवळचं स्वच्छ दिसायचं, लांबचं धुकं. ताई पुढे बसून लांबचं सांगत राहिली, "जहाज आहे, होडी आहे, बाई धान झोडपून राह्यली." मी जवळचं पाहत राहिलो. तिचे पिकलेले केस, पदराला लागलेलं तेल, हॉर्नवरचा तिचा अंगठा. ती लय म्हातारी झाली आहे, हे मला तेव्हा दिसलं.

यंदा तो धडा पुन्हा आला. फळ्यावर आता मी तीन चित्रं काढतो. मधल्या चित्रात होडीऐवजी स्कूटर असते, आणि मुलांना ते चित्र इतर दोन्हींपेक्षा लवकर समजतं. परवा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने उभं राहून नेहमीचा प्रश्न विचारला, "सर, आपने समुद्र देखा है?"

मी खडू खाली ठेवला.

"मैंने नहीं," मी म्हणालो. "मेरी माँ ने देखा है।"